सरासरीची उंची

शाळेत चौतीस वर्षे गणित शिकवताना मला सर्वांत अवघड वाटलेला धडा सरासरीचा. मुलांना मात्र तो सर्वांत सोपा वाटे. सगळ्या संख्यांची बेरीज करावी, जितक्या संख्या तितक्यांनी भागावे, उत्तराखाली दोन रेघा ओढाव्यात, काम संपले. एका वर्षी मी फळ्यावर उदाहरण घातले : एका वाडीत चार मजुरांना दिवसाला प्रत्येकी पाच रुपये मिळतात, वाडीच्या मालकाला ऐंशी रुपये सुटतात, तर पाच जणांचे सरासरी उत्पन्न किती? वर्गाने वीस रुपये हे उत्तर चटकन काढले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "पण सर, हे वीस रुपये मिळाले कुणाला?"

आपल्या देशाचे सरासरी उत्पन्न वाढत आहे, ही बातमी आपण वर्षातून दोनचार वेळा तरी वाचतो. ती खोटी नसते. नितीनकुमार भारती, लुकास शांसेल, तोमा पिकेटी आणि अनमोल सोमांची या चार अभ्यासकांनी 1922 पासूनच्या शंभर वर्षांतील भारताच्या उत्पन्नाचा व संपत्तीचा हिशेब 2024 साली मांडला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे 2022-23 या वर्षी भारतातील प्रौढ माणसाचे सरासरी उत्पन्न वर्षाला सुमारे 2 लाख 35 हजार रुपये होते. आता त्या मुलीचा प्रश्न इथे विचारावा. हे पैसे मिळाले कुणाला? शंभरातल्या जवळजवळ नव्वद माणसांना एवढे मिळालेच नाहीत. खालच्या निम्म्या लोकांचे सरासरी उत्पन्न होते वर्षाला सुमारे 71 हजार. म्हणजे महिन्याला सहा हजारांच्याही आत.

आकडे वाचून डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही, हा शिक्षकाचा जुना अनुभव. यान पेन नावाच्या एका डच अर्थशास्त्रज्ञाने त्यावर मोठी नामी युक्ती काढली. 1971 साली इंग्रजीत आलेल्या आपल्या ग्रंथात त्याने ब्रिटनमधील कमावत्या माणसांची एक मिरवणूक कल्पिली. अट एवढीच, की ज्याचे जेवढे उत्पन्न तेवढी त्याची उंची; सरासरी उत्पन्नाच्या माणसाला सरासरी उंची. सर्वांत ठेंगणे पुढे, सर्वांत उंच मागे आणि सगळी मिरवणूक बरोबर एका तासात आपल्यासमोरून जायची.

हीच मिरवणूक वरील आकडे हाताशी घेऊन आपल्या रस्त्यावरून, वसई स्टेशनापासून समुद्रापर्यंत, काढून पाहू. साडेपाच फूट ही सरासरी उंची धरू. आपण घराच्या ओट्यावर उभे आहोत. पहिली दहा, पंधरा, वीस मिनिटे आपल्याला माणसे दिसतच नाहीत. खाली वाकून पाहावे लागते. पहिल्या अर्ध्या तासात जाणाऱ्यांची सरासरी उंची जेमतेम वीस इंच. अर्धा तास होतो, मिरवणुकीचा बरोबर मध्य येतो, तरी समोरचा माणूस अडीच फुटांचा! चाळीस मिनिटे झाली, पन्नास झाली, तरी अजून सगळे आपल्या खांद्याखालीच. चोपन्नाव्या मिनिटाच्या सुमारास साडेपाच फुटांचा माणूस दिसतो. हाच तो आपला सरासरी भारतीय. त्याच्यामागे उरतात फक्त सहा मिनिटे. या सहा मिनिटांत उंची भराभर वाढते. शेवटच्या छत्तीस सेकंदांत, म्हणजे वरच्या एक टक्क्यात, माणसांची सरासरी उंची सव्वाशे फुटांच्या घरात जाते. दहाबारा मजली इमारती चालत याव्यात तसे. आणि अगदी शेवटी, पापणी लवायलाही पुरणार नाही एवढ्या क्षणात, लाखातले एक असे जे कोणी जातात त्यांची सरासरी उंची अकरा हजार फुटांहून अधिक भरते. कळसूबाईचे शिखर 5,400 फूट आहे. ते त्यांच्या कमरेशीही लागत नाही.

या मिरवणुकीत आपण कुठे, हा प्रश्न मी माझ्या मित्रमंडळींत विचारून पाहिला. प्रत्येकाने स्वतःला मध्यावर ठेवले. आम्ही आपले मध्यमवर्गीय, असे म्हणण्यात एक प्रकारची नम्रता असते आणि सोयही असते. माझे निवृत्तिवेतन महिन्याला 40,000 रुपयांच्या आसपास आहे. एवढ्यावर मी या मिरवणुकीत अकरा फुटांचा ठरतो! त्याच अभ्यासानुसार वर्षाला 2 लाख 90 हजारांच्या आसपास उत्पन्न असले, की माणूस वरच्या दहा टक्क्यांत जाऊन बसतो. हे त्रैमासिक वर्गणी भरून घेणारे, वाचणारे, त्यात लिहिणारे आपण बहुतेक सारे शेवटच्या सहा मिनिटांतले. मागे वळून डोंगराएवढ्या माणसांकडे पाहत आपण चालतो, म्हणून आपल्याला आपण ठेंगणे वाटतो. पुढे गेलेल्यांकडे मात्र पाहायला वाकावे लागते.

हे अंतर नेहमीच एवढे होते काय? नव्हते, आणि मला या अभ्यासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. इंग्रजी अमदानीच्या अखेरच्या काळात, दुसरे महायुद्ध सुरू झाले त्या सुमारास, वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा वीस टक्क्यांहून अधिक वाटा जाई. स्वातंत्र्यानंतर तो उतरत गेला आणि 1982 च्या सुमारास सहा टक्क्यांपर्यंत खाली आला. मग तो पुन्हा चढू लागला. 1991 नंतर वेगाने चढला आणि 2022-23 मध्ये 22.6 टक्क्यांवर पोहोचला. ज्या साहेबांच्या आणि संस्थानिकांच्या काळाला आपण नावे ठेवतो, त्या काळालाही आपण मागे टाकले. संपत्तीचे तर विचारूच नये. वरच्या एक टक्क्याकडे देशातील 40 टक्के संपत्ती आणि खालच्या पन्नास टक्क्यांकडे सारी मिळून साडेसहा टक्क्यांहूनही कमी.

हे आकडे म्हणजे देववाणी नव्हे. आपल्याकडची आकडेवारी समाधानकारक नाही, हे त्या अभ्यासकांनीच बजावले आहे. प्राप्तिकर खात्याचे तक्ते 2000 च्या सुमारास प्रसिद्ध होणे थांबले, ते 2016 मध्ये पुन्हा निघू लागले. ज्या वर्षांत श्रीमंती सर्वांत वेगाने वाढली, नेमकी त्याच वर्षांची खिडकी बंद होती.

आणि अंतर कमी होते तो काळ सुवर्णयुग होता, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. 1973-74 मध्ये प्राप्तिकराचा वरचा दर अधिभारासह 97.75 टक्के होता. शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये ज्याच्या हाती राहणार, तो माणूस हिशेबाची दुसरी वही ठेवणार नाही तर काय करील? काळा पैसा हा शब्द आमच्या तरुणपणी घरोघरी पोहोचला तो असा. शिवाय गरिबी तशीच होती. पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 साली दाखवून दिले होते, की 1960-61 मध्ये ग्रामीण भागातील सुमारे चाळीस टक्के आणि शहरांतील सुमारे पन्नास टक्के लोकांना किमान गरजेएवढाही खर्च करता येत नव्हता. केवळ समानतेने कुणाचे पोट भरत नाही. पण त्या काळी एक गोष्ट सर्वमान्य होती : बापाची संपत्ती मुलाकडे जाताना त्यातला काही भाग समाजाकडे यावा. त्यासाठी 1953 मध्ये मृत्युकर आला आणि 1957 मध्ये संपत्ती कर. मृत्युकर 1985 मध्ये गेला, संपत्ती कर 2015 मध्ये. वसुली थोडी आणि कटकट फार, असे कारण देण्यात आले. ते खरेही होते. पण गळक्या घागरीला लाख लावायची असते. आपण घागरच फेकून दिली.

याउलट सांगणारेही आकडे आहेत आणि ते दडवणे बरे नव्हे. जागतिक बँकेने 2025 साली म्हटले, की भारतातील खर्चाच्या विषमतेचा निर्देशांक 2011-12 मधील 28.8 वरून 2022-23 मध्ये 25.5 वर उतरला. त्यावरून भारत हा जगातील अत्यंत समान देशांपैकी एक आहे, असा डंका वाजला. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा? अर्थात, ही मोजणी खर्चाची आहे. घरोघर गॅस आला, वीज आली, 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने धान्य आले आणि 2023 पासून ते सुमारे ऐंशी कोटी लोकांना विनामूल्य मिळू लागले. खालच्या माणसाच्या ताटातला हा बदल मी डोळ्यांनी पाहिला आहे. त्याला नाक मुरडणाऱ्याने स्वतः कधी रांगेत उभे राहिलेले नसावे. पण ताटाला मर्यादा असते. हजारपट श्रीमंत माणूस हजारपट भात जेवत नाही. त्याचे उरलेले पैसे जमिनीत, समभागांत जातात आणि तिथे ते त्याच्या झोपेतही वाढतात. खर्च विचारणाऱ्याला ते दिसत नाहीत.

ते दिसत नाहीत याचा अनुभव मी जनगणनेच्या कामात घेतला आहे. 1991 आणि 2001 या दोन्ही वेळी आम्हां शिक्षकांना ती कामगिरी होती. आपल्या जनगणनेत उत्पन्न विचारत नाहीत. 2001 च्या घरयादीत मात्र वस्तू विचारायच्या होत्या : रेडिओ, दूरचित्रवाणी संच, दूरध्वनी, सायकल, स्कूटर, मोटारगाडी, आणि शेवटी एक रकाना, वरीलपैकी काहीही नाही. रेल्वेच्या पूर्वेकडील एका पाड्यावर मी ओळीने तो शेवटचा रकाना भरत गेलो. तिथे प्रत्येक झोपडीत बसायला गोणपाट अंथरले जाई आणि काळा चहा पुढे येई. पश्चिमेला एका नव्या इमारतीत पहारेकऱ्याने मला पाऊण तास खाली थांबवले. वर गेल्यावर दार बोटभर उघडले, साखळी तशीच राहिली आणि आतून उत्तर आले, "सगळं आहे असं लिहा." लिहिले. मोटारगाडीच्या रकान्यात एक खूण केली. गाड्या किती, बंगले किती, शेअर किती, यांना रकाना नव्हता. गरिबाची मोजदाद काटेकोर होते, कारण त्याचे सारे सामान दारातूनच दिसते.

आता थोडे घरचे. आमची वाडी मुळात आमची नव्हती. आजोबा कूळ होते. 1948 चा कूळकायदा झाला, पुढे 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरला आणि कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. वडिलांनी हप्त्याहप्त्याने किंमत भरली आणि सातबाऱ्यावर आमचे नाव लागले. वडील चौथीपर्यंत शिकलेले, पण हिशेबाला पक्के. त्यांच्या लाल कापडी पुठ्ठ्याच्या वह्या माझ्याकडे आहेत. केळीचे किती लोंगर उतरले, पानाच्या किती कवळ्या दादरला गेल्या, राजेळीची सुकेळी किती झाली आणि मजुरांना काय दिले, सारे रोजच्या रोज. 1968 साली बाईमाणसाची मजुरी दीड रुपया होती. त्याच वर्षी वडिलांनी शेजारची तीन गुंठे जागा 600 रुपयांना घेतली, म्हणजे गुंठ्याला 200. गणिताच्या मास्तराला राहवले नाही; मी भागाकार केला. एका गुंठ्याला 134 दिवसांची मजुरी. आज आमच्याकडे वाडीत येणाऱ्या बाईला 500 रुपये मिळतात, आणि आमच्याच रस्त्यावर अलीकडे झालेल्या एका व्यवहारात गुंठ्याला 25 लाख मोजले गेले. म्हणजे 5,000 दिवस. वर्षाला अडीचशे दिवस काम मिळाले आणि त्यातला एकही पैसा पोटात गेला नाही, तर वीस वर्षे.

मजुरी वाढली नाही असे कोण म्हणेल? दीड रुपयाचे पाचशे झाले. पण मजुरी चालत गेली आणि जमीन विजेच्या गाडीत बसून गेली. हे केवळ अलंकारिक नव्हे. 1936 मध्ये विजेची गाडी विरारपर्यंत आली आणि वसई मुंबईच्या जवळ सरकली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हिरव्या पट्ट्यातील जमिनी बांधकामाला खुल्या होऊ लागल्या, 1990 मध्ये सिडकोकडे नियोजन आले, 2009 मध्ये महानगरपालिका झाली. बावखले बुजली, त्यांवर मजले चढले. या साऱ्यात आमच्या घराने काय केले? काहीच नाही. केळीला पाणी घालत राहिलो. आमच्या तीन गुंठ्यांची किंमत मुंबईने वाढवली, रेल्वेने वाढवली, लाखो अनोळखी माणसांच्या घराच्या गरजेने वाढवली. पैसे मात्र आमच्या नावावर लागले. माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत मिळालेला सगळा पगार एकत्र केला तरी त्या तीन गुंठ्यांच्या आजच्या किमतीला पुरणार नाही.

वडिलांच्या वह्यांत एक नाव 1959 पासून 1985 पर्यंत सतत येते. पूर्वेच्या डोंगराकडील पाड्यावरून येणारी एक वारली बाई. आम्ही मुले तिला मावशी म्हणत असू. पानवेलीची बांधणी तिच्याइतकी हलक्या हाताने कुणाला जमत नसे. वाडी कसण्यात तिचा वाटा माझ्या आईपेक्षा कमी नव्हता. तरी कूळकायद्याने तिला काही दिले नाही, कारण ती कूळ नव्हती, मजूर होती. आमच्या उत्तरेला, तलासरी-उंबरगावकडे, 1945 मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले होते. वेठ सुटली, जमीन बहुतेकांना मिळाली नाही. वडिलांना 1962 मध्ये रहाट काढून तेलाचे इंजिन बसवायचे होते, तेव्हा सातबारा दाखवून सहकारी संस्थेचे कर्ज मिळाले. 1918 पासून वसईत कॅथलिकांची अशी संस्था उभी होती, म्हणून आमच्या पिढ्या सावकाराच्या दारी गेल्या नाहीत. मावशीला मुलीच्या लग्नासाठी पैसे लागले तेव्हा तिने वडिलांकडूनच उचल घेतली. वडिलांनी व्याज लावले नाही. पण ती उचल फिटेपर्यंत दोन हंगाम ती दुसऱ्या कुणाच्या वाडीत जास्त मजुरीवर जाऊ शकली नाही, हेही त्याच वहीत वाचता येते. कर्ज दोघांनी काढले : एकाच्या कर्जातून इंजिन आले, दुसरीच्या कर्जातून बांधिलकी.

गेल्या वर्षी मावशीचा नातू माझ्याकडे आला. माझाच जुना विद्यार्थी. आता विरारला एका कारखान्यात कंत्राटी कामाला आहे. तुंगारेश्वराच्या पायथ्याशी वनजमिनीचा एक तुकडा त्याचे घर पिढ्यान् पिढ्या कसत आले आहे. पावसाळ्यात भात, वरच्या उतारावर नाचणी आणि वरी. 2006 च्या वनहक्क कायद्याप्रमाणे 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून कसत असलेल्या आदिवासीला अशा जमिनीवर हक्क मागता येतो. त्याच्या वडिलांनी दावा लावला होता. तो पुरावा अपुरा म्हणून परत आला. "सर, आजीचं नाव कुठल्याच कागदावर नाही," तो म्हणाला. "तुमच्याकडे काही जुनं असेल का?"

होते. मी वह्या काढल्या आणि आम्ही दोघे ओट्यावर बसलो. वडील मजुरांचे खाडे मांडत आणि खाड्यापुढे कारणही लिहीत. कुणाचा ताप, कुणाची जत्रा. मावशीच्या नावापुढे दर आषाढात आठदहा दिवसांचे सलग खाडे आहेत आणि कारण एकच : 'घरची लावणी'. अश्विनात पुन्हा : 'घरची कापणी'. सव्वीस वर्षे, एकही वर्ष न चुकता. नातू एकेका पानावर बोट ठेवून वाचत होता. ज्या दिवसांचे तिला पैसे मिळाले नाहीत, त्याच दिवसांची ही नोंद.

कायद्याच्या नियमांत गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो. मी माझा जबाब दिला आहे, वह्यांच्या पानांच्या प्रती जोडल्या आहेत. ग्रामसभेने दावा पुन्हा पुढे पाठवला आणि तो आता उपविभागीय समितीपुढे आहे. हक्क मिळाला तरी तो वारसाने जाईल, पण जमीन विकता येणार नाही. कायदाच तसा आहे. त्यामुळे ती लुबाडलीही जाणार नाही आणि आमच्या तीन गुंठ्यांसारखी तिची किंमतही होणार नाही. मी हे त्याला समजावून सांगू लागलो, तेव्हा त्याने मला मध्येच थांबवले. विकायची कुणाला आहे, त्याने विचारले.

पुढची तारीख आषाढात पडली आहे. लावणीचे दिवस आहेत. ती थोडी पुढे ढकलून मिळेल का, याची चौकशी करायला त्याने मला सांगितले आहे.